साय गेली कुठे? एका घराचा दूध-तुपाचा हिशेब

(प्रकरण अभ्यास. ओळख पटू नये म्हणून घरातल्यांचे काही तपशील बदलले आहेत.)

घर आणि रतीब

कोल्हापुरातले सहा जणांचे कुटुंब. कर्ते गृहस्थ ५२ वर्षांचे, दिवसभर बैठे काम. पत्नी ४८, आजी ७६, मुलगा २७, सून २५ आणि पंधरा महिन्यांची नात. दुधाचा रतीब रोज दोन लिटर, म्हशीचे दूध, गवळी दारात माप घालणार. दूध तापवायचे, गार झाले की फ्रिजमध्ये ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरीएवढी जाड साय काढून विरजणाच्या भांड्यात टाकायची. चार-पाच दिवसांनी ताक घुसळून लोणी आणि लोण्याचे तूप. तूप घरचे असल्याने त्याचा खर्च कोणी मांडत नव्हते. ताटात किती पडते, हेही कोणी पाहत नव्हते.

जानेवारीत गृहस्थांची रक्ततपासणी झाली. एकूण कोलेस्टेरॉल २३८, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) २१०, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) ३६, एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १६० (सगळे मिग्रॅ प्रति डेसिलिटर). एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) ६.०, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. वजन ८१ किलो, उंची १६८ सेंमी, कमरेचा घेर ९८ सेंमी. रक्तदाब १३४/८६. वडिलांना ५४ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आलेला. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलच्या गोळीचा विषय काढला. घरच्यांनी तीन महिन्यांची मुदत मागितली. ‘दूध-तूप कमी करा’ एवढ्या सल्ल्यावर मंडळी घरी आली. कमी म्हणजे किती आणि कोणाचे, हे कोणी विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही. पुढचा सगळा घोळ त्या एका वाक्यातून झाला.

पहिला निर्णय: सगळ्यांनाच लो-फॅट

आठवड्याभरात रतीब बंद झाला. त्याच्या जागी दोन लिटर डबल टोन्ड दुधाच्या पिशव्या आल्या. पिशवीवर स्निग्धांश १.५ टक्के. तूप बंद आणि चपातीला लावायला ‘लाइट’ स्प्रेड. घरचे दही नीट लागेना म्हणून फळांच्या चवीचे लो-फॅट दह्याचे कप. सकाळी पोह्यांऐवजी दुधात कॉर्नफ्लेक्स आणि अकरा वाजता ‘डाएट’ म्हणून मारी बिस्किटे.

दुधातली चरबी खरोखर घटली, यात शंका नाही. म्हशीच्या दोन लिटरमधून रोज सुमारे १४४ ग्रॅम स्निग्धांश घरात येत होता, डबल टोन्डमधून जेमतेम ३१ ग्रॅम. मग एप्रिलच्या तपासणीत सगळेच आकडे खाली यायला हवे होते.

एप्रिलमध्ये काय दिसले

पहिला नमुना फसला. आदल्या रात्री लग्नाचे जेवण झाले होते. बारा तासांचा उपास पाळला होता, तरीही ट्रायग्लिसराइड्स २६८ निघाले. हा आकडा आदल्या दिवशीच्या जेवणाने आणि दारूने चटकन वर जातो, त्यामुळे दोन आठवडे नेहमीचे जेवण ठेवून तपासणी पुन्हा केली. ती अशी: एकूण २१९, ट्रायग्लिसराइड्स २४५, एचडीएल ३४, एलडीएल १३६. एचबीएवनसी ६.२. वजन ८१.५.

एलडीएल १६० वरून १३६ वर आले. हा लो-फॅटचा खरा फायदा आणि तो नाकारून चालणार नाही. संपृक्त मेद (सॅच्युरेटेड फॅट, तूप-लोण्यात जास्त असणारी चरबी) कमी केला की बहुतेकांचे एलडीएल उतरते. पण ट्रायग्लिसराइड्स आणि साखर दोन्ही चढली, वजन हलले नाही आणि एचडीएल आणखी खाली गेले. आपल्याकडच्या पोट सुटलेल्या मध्यमवयीन माणसांत हा जोड नेहमी दिसतो: ट्रायग्लिसराइड्स जास्त, एचडीएल कमी. त्यामागे तुपापेक्षा साखर, मैदा, भाताचे मोठे प्रमाण आणि बैठे काम यांचा हात मोठा असतो.

घरात आणखी दोन गोष्टी घडल्या होत्या. आजींचे वजन ४७ वरून ४४.५ किलो झाले होते. त्यांचे रात्रीचे जेवण म्हणजे दहीभात आणि वर तूप. दही पाणचट आणि आंबट झाल्यापासून त्या दोन घास खाऊन उठत होत्या. नातीच्या वजनाची रेघ तीन महिने जवळपास सपाट होती. तिलाही त्याच पातेल्यातले डबल टोन्ड मिळत होते. दोन वर्षांखालच्या मुलांना कमी स्निग्धांशाचे दूध द्यायचे नसते. वाढीला लागणारी ऊर्जा त्यांच्या इवल्या पोटात स्निग्धांशातूनच मावते. हा नियम घरात कोणाला माहीत नव्हता आणि पिशवी बदलताना बालरोगतज्ज्ञांना विचारावे, असे कोणाच्या मनातही आले नाही.

आधी मोजणी

पुढचा निर्णय घेण्याआधी एक आठवडा फक्त मोजायचे ठरले. रतीब आठ दिवसांपुरता पुन्हा सुरू केला आणि जुनी पद्धत जशीच्या तशी चालवली. गवळ्याच्या गावातल्या दूध संस्थेत दोन नमुने नेऊन फॅट लावले. एक दारात आलेल्या कच्च्या दुधाचा, दुसरा साय काढल्यानंतरच्या दुधाचा, कोमट करून नीट ढवळून. पहिला ७.० आला, दुसरा ३.०.

हे दोन आकडे शेजारी ठेवले आणि सगळे चित्र फिरले. घरातले लोक पीत होते ते दूध आधीपासूनच टोन्ड दुधाच्या जवळचे होते. टोन्ड म्हणजे ३ टक्के, डबल टोन्ड १.५, स्टँडर्डाइज्ड ४.५ आणि फुल क्रीम ६. म्हणजे पिशवी आणल्यावर पेल्यातले दूध ३ वरून १.५ वर आले, एवढाच फरक. बाकीची चरबी सायीत होती, साय विरजणात आणि विरजण तुपाच्या बरणीत. दुधातून काढलेली साय घराबाहेर कधी गेलीच नव्हती.

बरणीचे वजन केले. आठवड्याचे तूप ४९० ग्रॅम, रोजचे ७० ग्रॅम. थोडा स्निग्धांश ताकात आणि बेरीत राहतो, तो वेगळा. तुपाच्या पळीत १२ ग्रॅम मावत होते. गृहस्थांच्या ताटात रोज तीन पळ्या पडत होत्या: दुपारी भातावर, रात्री भातावर आणि एक भाकरीवर. म्हणजे ३६ ग्रॅम, सुमारे ३२५ कॅलरी आणि त्यात संपृक्त मेद २२ ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की संपृक्त मेदातून एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून जास्त येऊ नये. २००० कॅलरींच्या आहारात ती मर्यादा २२ ग्रॅमच होते. दूध, तेल, शेंगदाणे, मटण काहीही धरण्याआधी नुसत्या तुपाने ती गाठली जात होती.

मग लो-फॅटच्या तीन महिन्यांचा हिशेब आठवून मांडला. तो जास्त बोलका निघाला.

साखर: पातळ दुधाचा चहा बेचव लागतो म्हणून घरच्या दोन कपांत एकाऐवजी दोन-दोन चमचे, म्हणजे २० ग्रॅम. ऑफिसातल्या मशीनचा चहा दोन कप, त्याच्या भुकटीत साखर आधीच असते, सुमारे १६. दह्याचे दोन कप, प्रत्येकावर ‘अ‍ॅडेड शुगर ९ ग्रॅम’ छापलेले, म्हणजे १८. मारीची आठ बिस्किटे, सुमारे १०. बेरीज ६४ ग्रॅम. जुन्या पद्धतीत ती २६ होती. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शनात दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहायला सांगितले आहे.

स्प्रेड: घटकांच्या यादीत पाम तेल अगदी वर. पाम तेलातला जवळपास निम्मा भाग संपृक्त असतो. डब्याच्या मागच्या तक्त्यात १०० ग्रॅमला २५ ग्रॅम संपृक्त मेद होता. दिवसाला ३० ग्रॅम स्प्रेड म्हणजे साडेसात ग्रॅम परत आला. ‘लाइट’ हा शब्द एकूण चरबीबद्दल होता, कसली चरबी याबद्दल नव्हता.

तेल: तूप गेले तशी भाकरी कोरडी लागू लागली. मग शेंगदाण्याच्या चटणीवर तेलाची धार आली. महिन्याचे तेल सहा लिटरवरून सात लिटर झाले. हे किराणा दुकानाच्या बिलातून कळले, कोणाच्या आठवणीतून नाही.

समोर असलेले पर्याय

लो-फॅट तसेच ठेवायचे आणि साखर-बिस्किटे तोडायची, हा पहिला. गृहस्थांपुरता तो चांगला होता आणि एलडीएलच्या दृष्टीने कदाचित सगळ्यांत सरळ. अडचण पातेल्याची होती: एकाच पातेल्यातून आजी आणि नातही पीत होत्या.

दुसरा, सगळे पूर्ववत. नातेवाइकांच्या ग्रुपवर एक संदेश फिरत होता की पूर्ण सायीचे दूध हृदयाला चांगले, हे मोठ्या अभ्यासात सिद्ध झाले आहे. अभ्यास खरा आहे. ‘प्युअर’ नावाचा, २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला, २१ देशांतल्या सुमारे १ लाख ३६ हजार लोकांचा, भारतही त्यात आहे. दिवसाला दोनहून अधिक वाट्या दुग्धपदार्थ खाणाऱ्यांत मृत्यू आणि हृदय-रक्तवाहिन्यांचे मोठे विकार कमी दिसले. पण हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. ज्यांना रोज दूध परवडते त्यांना औषध, फळे, विश्रांती असे बरेच काही परवडते आणि तो प्रभाव पूर्णपणे वेगळा काढता येत नाही. शिवाय फायदा दिसला तो दूध आणि दह्याचा. लोण्याबाबत असा स्पष्ट संबंध आढळला नाही. दूध-दह्याबद्दलची भीती कमी करायला हा अभ्यास पुरेसा आहे. रोजच्या तीन पळ्या तुपाला तो परवानगी देत नाही.

सोया आणि बदामाच्या ‘दुधा’चाही विचार झाला आणि पटकन मागे पडला. बाजारातल्या बहुतेक बदाम पेयांत १०० मिलीला एक ग्रॅमही प्रथिन नसते, गाईच्या दुधात तीनहून जास्त असते. सोयाचे बरे, पण आजींनी चव घेऊन पेला परत केला.

चौथा पर्याय म्हणजे माणसागणिक वाटणी. त्यात कटकट जास्त होती: दोन दुधे, दोन पातेली. सूनबाईंचा पहिला आक्षेप हाच होता आणि तो रास्त होता, कारण सकाळचे काम त्यांच्याकडे असते. म्हणून वाटणी फक्त दोन पातेल्यांत बसेल एवढीच करायची, असे ठरले.

काय केले

म्हशीच्या दुधाचा रतीब पाऊण लिटरवर आणला. हे दूध साय न काढता फक्त नात आणि आजींसाठी. नातीला दिवसात ३५० मिली. याहून फार जास्त देऊ नये, कारण दुधाने पोट भरले की मूल जेवत नाही आणि लोह कमी पडते. आजींना रात्री एक पेला, उरलेल्याचे त्यांच्या दहीभाताचे दही. बाकी चौघांसाठी आणि चहासाठी सव्वा लिटर गाईच्या दुधाची पिशवी, ३.५ टक्क्यांची. हे दूध होमोजिनाइज्ड असल्याने स्निग्धांशाचे कण बारीक फोडलेले असतात, ते वर येत नाहीत आणि साय जेमतेम पापुद्र्याएवढीच धरते. त्यामुळे साय साठवण्याचा प्रश्नच मिटला.

तूप घरात राहिले, पण मोजून. महिन्याला एक किलोची बरणी, पळीच्या जागी चहाचा चमचा. सपाट चमच्यात साडेचार ग्रॅम येते. कर्ते, पत्नी, मुलगा, सून यांना रोज एक चमचा, आजींना दोन, नातीच्या मऊ भातावर एक. बेरीज दिवसाला सुमारे ३२ ग्रॅम, त्यामुळे बरणी महिनाभर पुरते. विसाव्या दिवशी तळ दिसला तर चमचा शिगोशीग भरतोय, हे आपोआप कळते. पहिल्या महिन्यात तसेच झाले, बावीस तारखेला बरणी संपली.

स्प्रेड बंद, गोड दह्याचे कप बंद. घरचे दही पुन्हा लागू लागले, पण त्याआधी ते का बिघडत होते हे शोधावे लागले. पिशवीवर पाश्चराइज्ड लिहिलेले म्हणून दूध नुसते कोमट करून विरजण लावले जात होते. दही घट्ट धरते ते दुधातली प्रथिने पुरेशी तापल्यावर. स्निग्धांश जितका कमी, तितका हा टप्पा महत्त्वाचा, कारण चुकीवर पांघरूण घालायला साय नसते. पद्धत अशी ठरली: पातेले आधी पाण्याने विसळायचे म्हणजे दूध तळाला कमी लागते. उकळी आल्यावर दहा मिनिटे मंद आचेवर ढवळत ठेवायचे. बोट सुखाने बुडेल इतके, ४० ते ४२ अंशांवर आणायचे. अर्धा लिटरला एकच लहान चमचा विरजण घालून नीट मिसळायचे. उन्हाळ्यात पाच तास, थंडीत आठ-नऊ. लागले की लगेच फ्रिजमध्ये. दोन-तीन चमचे विरजण ‘लवकर लागावे’ म्हणून टाकले की दही आंबट होते आणि पाणी सोडते. डबल टोन्डच वापरायचे असेल तर अर्धा लिटरला दोन मोठे चमचे बिनसाखरेची स्किम्ड मिल्क पावडर तापवतानाच घालावी. डेअरी व्हाइटनर आणि ही पावडर एक नव्हे. व्हाइटनरमध्ये बहुधा साखर असते, पाकीट उलटून पाहावे.

गृहस्थांचा सकाळचा नाश्ता म्हणजे मुगाचे धिरडे किंवा दोन अंडी आणि वाटीभर साधे दही. अकराला मूठभर फुटाणे किंवा २५ ग्रॅम भाजके शेंगदाणे. मशीनचा चहा बंद, घरचा दोन कप, साखर दर दहा दिवसांनी पाव चमच्याने कमी. तेल महिन्याला पाच लिटर. आणि रंकाळ्यावर रोज चाळीस मिनिटे भरभर चालणे.

चार-साडेचार महिन्यांनी

सप्टेंबरची तपासणी: एकूण १९८, ट्रायग्लिसराइड्स १५८, एचडीएल ३९, एलडीएल १२७. एचबीएवनसी ५.८. वजन ७६.५ किलो, घेर ९२ सेंमी. आजी ४६ किलोंवर आल्या आणि रात्रीचा दहीभात पूर्ण संपवू लागल्या. नातीच्या वजनाची रेघ पुन्हा चढली.

डबल टोन्ड आणि शून्य तुपावर एलडीएल १३६ होते, ३.५ टक्क्यांचे दूध आणि चमचाभर तुपावर १२७. यावरून ‘सायीनेच कोलेस्टेरॉल उतरले’ असे कोणी म्हणेल तर ते चूक ठरेल. वजन पाच किलोंनी घटले, पाम तेलाचा स्प्रेड गेला, तेल दोन लिटरने कमी झाले, चालणे सुरू झाले. हे सगळे एकदम घडले. कशाचा वाटा किती, हे या एका घरातून सांगता येणार नाही. एवढेच म्हणता येते की मोजलेला स्निग्धांश ठेवूनही आकडे सुधारू शकले आणि गृहस्थांना अकरा वाजताची भूक छळत नव्हती.

डॉक्टरांनी सप्टेंबरमध्ये कमी मात्रेची स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, सुरू केली. वडिलांचा इतिहास, रक्तदाब आणि साखर पाहता १२७ त्यांना पुरेसे वाटले नाही. घरात काही काळ निराशा होती, ‘एवढे करूनही गोळी’ अशी. पण जानेवारीच्या आकड्यांना आणि त्या घराण्याच्या इतिहासाला गोळीचा विचार तेव्हाच योग्य होता.

वेगळे काय करता आले असते

सगळ्यांत मोठी चूक आठ महिन्यांच्या विलंबाची. दूध कोणते, या चर्चेत औषधाचा निर्णय लांबत गेला. आहार आणि गोळी यांतले एक निवडायचे नव्हते, दोन्ही एकदम सुरू करता आले असते.

मोजणीचा तो एक आठवडा जानेवारीतच व्हायला हवा होता. दूध संस्थेतली फॅटची चाचणी आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा, एवढ्यावर कळले असते की पेल्यातले दूध बदलायची फारशी गरज नाही, पळी बदलायची आहे. तीन पळ्यांऐवजी एक चमचा केला असता तर केवळ तेवढ्याने रोजच्या सुमारे २८५ कॅलरी आणि १९-२० ग्रॅम संपृक्त मेद गेला असता. गवळ्याचा रतीब, घरचे दही, आजींचे जेवण यांतले काहीच मोडले नसते.

काही काढून टाकताना त्याच्या जागी काय येणार, ते आधी लिहायला हवे होते. तूप गेले तिथे स्प्रेड आणि तेलाची धार आली, दाट चहा गेला तिथे साखर. लो-फॅटचे लेबल पाहताना पुढच्या बाजूपेक्षा मागचा तक्ता वाचायचा, ‘अ‍ॅडेड शुगर’ आणि ‘सॅच्युरेटेड फॅट’ या दोन ओळी. दोन गोड दह्यांच्या कपांच्या पैशात अर्धा लिटरहून जास्त म्हशीचे दूध येते, हाही हिशेब त्याच वेळी झाला असता.

लहान मूल आणि कृश होत चाललेले वृद्ध यांच्यासाठी घरातल्या मधल्या वयाच्या माणसाचे पथ्य लावू नये. आजींचे वजन तीन महिने कोणी घेतले नव्हते, ब्लाउज सैल झाला तेव्हा ते लक्षात आले. आता दर महिन्याच्या एक तारखेला वजन घेऊन कॅलेंडरवर लिहिले जाते, आजींचे आणि नातीचे.

म्हशीच्या सुट्या दुधात एक उणीव राहते, तिची सोय अजून व्हायची आहे. टोन्ड पिशव्यांपैकी ज्यांवर ‘+एफ’चे चिन्ह असते त्यांत अ आणि ड जीवनसत्त्व वरून मिसळलेले असते, रतिबाच्या दुधात असे काही मिसळलेले नसते. आजी उन्हात जवळजवळ जात नाहीत. त्यांच्या ड जीवनसत्त्वाची तपासणी पुढच्या भेटीत करायची ठरली आहे. मुलाचीही रक्ततपासणी त्याच दिवशी आहे. २७ वर्षे, बैठे काम, कमरेचा घेर ९४ आणि आजोबांचा तोच इतिहास.